नऊ अक्षरं, तीन शब्द आणि बाबांचं गार झालेलं जेवण

कंदीलवाली | शनिवार, दुपारी १:२०

आमच्याकडे आज आमटी दोनदा गरम करून झाली, म्हणून हा धागा.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले (३४ वर्षं, विषय गणित). तेव्हापासून रोज सकाळी इंग्रजी पेपरातलं अक्षरांचं कोडं घेऊन बसतात. तीन बाय तीनचा चौकोन, नऊ अक्षरं. त्यातून चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द काढायचे, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच. आणि एक मोठा शब्द असतो, नऊच्या नऊ अक्षरं वापरणारा. बाबांना छोट्या शब्दांत रस नाही. त्यांना तो मोठाच हवा असतो.

आजची अक्षरं: ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू.

खाली बारीक टाइपात छापलंय, 'नऊ अक्षरी शब्द: ३'. इथेच घोळ झाला. ऑक्शन्ड त्यांना चहा संपायच्या आत सापडला. कॉशन्ड अकरा वाजता. तिसरा अजून नाही. पेपर ताटाशेजारी उघडा आहे आणि आई दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघतेय, जणू कोडं मी छापलं.

मला उत्तर नको आहे. उत्तर सांगितलं तर बाबा दोन दिवस बोलणार नाहीत. दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायची काही रीत असते का, ते सांगा. ज्यांना सापडेल त्यांनी फक्त 'सापडला' लिहा. आणि स्पेलिंग नागरीतच लिहा ही विनंती, कारण बाबा माझ्या खांद्यावरून वाचतात आणि रोमन अक्षरात शब्द दिसला की त्यांच्या डोळ्यात आधी तोच भरतो.

---

टवाळ_टोणगा | १:३१

सापडला.

काकांना म्हणावं, आरशात बघा. (दिवे घ्या.)

---

कंदीलवाली | १:३३

आरशात? टोणगोबा, उत्तर नको म्हटलंय ना!

---

सातपाटी | १:५८

मी गेली बारा-तेरा वर्षं स्क्रॅबल (अक्षरांच्या पाट्या बोर्डावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) खेळतो, स्पर्धांतही जातो, म्हणून थोडं अधिकारवाणीने.

पहिली गोष्ट, अक्षरं एका ओळीत लिहू नका. ओळीत लिहिली की डोळा त्यांना शब्द समजून वाचायला लागतो आणि तो खोटा शब्द डोक्यातून जात नाही. गोलात लिहा. स्वर मध्ये, व्यंजनं कडेने. काकांच्या कोड्यात तर पाचही स्वर आहेत, ए, ई, आय, ओ, यू. व्यंजनं उरली चार. म्हणजे दोन व्यंजनं शेजारी बसण्याची शक्यता कमी, स्वरांच्या जोड्या मात्र बहुतेक होणार.

दुसरी गोष्ट, आम्ही लोक एकेक अक्षर बघत नाही, सांधे बघतो. टी-आय-ओ-एन, आय-एन-जी, ई-आर, ई-डी, सुरुवातीला आर-ई किंवा यू-एन. असा सांधा उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या अक्षरांकडे बघायचं. नऊ अक्षरांचं कोडं एकदम पाच अक्षरांचं होतं.

तिसरी गोष्ट सरावाची. हातातल्या पाट्या वर्णक्रमाने लावायच्या आणि ती मांडणीच पाठ करायची. सहा अक्षरी 'रेटिना' घ्या, आर-ई-टी-आय-एन-ए. त्यात एकेक अक्षर मिळवत जा. जी आला तर ग्रॅनाइट, टेअरिंग, इनग्रेट. सी आला तर सर्टन. पी आला तर पेंटर आणि परटेन. एम आला तर मिनारेट. एच आला तर हेअरनेट. के आला तर केराटिन. एल आला तर लॅट्रिन (हसू नका, सात पाट्या एका दमात लावल्या की ५० गुण जास्तीचे मिळतात, तिथे लाज कसली). सुरुवातीला एवढं एक कुटुंब पाठ केलं तरी माणूस घरच्या खेळात कुणाला ऐकत नाही.

---

आजीचा_बटवा | २:१५

सातपाटी, आमच्या घरात नात सुट्टीला आली की स्क्रॅबल निघतो आणि माझ्याच नशिबी क्यू येतो. यू नसला की कपाळाला हात. त्यावर काही औषध?

---

सातपाटी | २:२४

आजी, औषध दोन अक्षरी आहे. क्यू-आय, उच्चार 'ची', चिनी परंपरेतली प्राणशक्ती. स्पर्धेच्या कोशांत चालतो. बुर्का (बी-यू-आर-क्यू-ए) आणि निकाब (एन-आय-क्यू-ए-बी) यांतही क्यूच्या मागे यू नाही.

आणि खास तुमच्यासाठी कव्वाली. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. बरोबर सात अक्षरं! संचात डब्ल्यू दोनच असतात, ते दोन्ही तुमच्याकडे आले पाहिजेत. माझ्याकडे आजवर आलेले नाहीत.

---

झटपट_झुणका | २:४०

एवढा काथ्याकूट कशाला? साइटवर अक्षरं टाका, एका सेकंदात यादी येते. काकांना जेवू द्या.

---

आजीचा_बटवा | २:४४

झुणका, मग कोडं तरी कशाला सोडवायचं? पेपर रद्दीत घालायचा आणि थेट दुसऱ्या दिवशीचा वाचायचा.

---

झटपट_झुणका | २:४७

आजी, मी आपलं व्यवहाराचं बोललो. रागावू नका.

---

शेलारमामा | ३:१०

दोघंही बरोबर आहात. आयडीवरून कळलं असेलच, माझा दिवस शेलवर (संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायची जागा) जातो. थोडं यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण 'दिलेली अक्षरं असलेले शब्द' या चार शब्दांत वेगवेगळे प्रश्न लपलेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

एक, हीच अक्षरं, एकेकदाच, एकही शिल्लक नको. काकांचा मोठा शब्द या प्रकारचा. दोन, याच अक्षरांतून, पण काही उरली तरी चालतील. काकांचे छोटे शब्द. तीन, ही अक्षरं असलीच पाहिजेत, बाकी काहीही असो. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी कोड्यात तर चौथीच गंमत असते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सात अक्षरं, मधलं सक्तीचं, आणि एकच अक्षर कितीदाही वापरा.

पहिल्या प्रकाराला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल या सगळ्यांचं ई-आय-एल-एन-एस-टी असंच होतं. मग शोधायचं काहीच उरत नाही, खण उघडायचा आणि जुळी भावंडं बाहेर काढायची. सातपाटी पाट्या लावतात ते हेच.

तिसऱ्या प्रकाराला प्रत्येक शब्द म्हणजे २६ दिव्यांची माळ समजा. शब्दात असलेल्या अक्षरांचे दिवे पेटलेले, बाकीचे विझलेले. हवे ते दिवे पेटलेत का, एवढंच यंत्र बघतं. अख्खा कोश डोळ्याचं पातं लवायच्या आत चाळून होतो. लिनक्स-मॅकवाल्यांना ग्रेप माहीत असेल, १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सनने लिहिलेली, मजकुरातल्या हव्या त्या ओळी शोधून काढणारी आज्ञा. एका अक्षरासाठी एक ग्रेप, तिचं उत्तर पुढच्या ग्रेपला, अशी साखळी लावली की काम झालं.

पण दिव्यांना मोजता येत नाही. ओ एकदा आला की तीनदा, माळेला सारखंच. तिथे मूळ संख्या कामाला येतात आणि ही युक्ती मला फार आवडते. ए म्हणजे २, बी म्हणजे ३, सी म्हणजे ५, असं झेडपर्यंत. शब्द म्हणजे त्याच्या अक्षरांचा गुणाकार. कॅट = ५ × २ × ७१ = ७१०. ॲक्टसुद्धा ७१०. कोट (सी-ओ-ए-टी) होतो ३३,३७०. आता कोटमध्ये कॅटची अक्षरं आहेत का? भागून बघा. ३३,३७० भागिले ७१० बरोबर ४७, बाकी शून्य. म्हणजे आहेत. आणि ४७ म्हणजे ओ, तेवढंच अक्षर उरलं!

---

कंदीलवाली | ३:२६

शेलारमामा, काय केलंत हे! मूळ संख्या ऐकल्यावर बाबांनी आज पहिल्यांदा मान वर केली. 'वाच परत' म्हणाले. आता रद्दी कागदावर गुणाकार चाललाय. आमटी तिसऱ्यांदा.

---

लेस्टरकर | ३:५०

इकडे इंग्लंडात दुपारी टीव्हीवर काउंटडाउन लागतं. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं तेव्हा पहिला कार्यक्रम हाच होता, मूळ कल्पना फ्रेंच टीव्हीवरची. स्पर्धक 'स्वर द्या, व्यंजन द्या' म्हणत नऊ अक्षरं मागून घेतो आणि मग घड्याळाची ३० सेकंदं. जितकी अक्षरं तितके गुण, पण नऊच्या नऊ वापरली तर थेट १८.

मी इतकी वर्षं बघतोय, सोफ्यावरून माझी मजल सहा-सातपर्यंत जाते. मात्र एक निरीक्षण आहे. पहिला शब्द सुचला की त्याच्या पलीकडे डोकं जात नाही, त्यालाच इकडून तिकडून शेपूट-शिंग लावत बसतं. काकांचं तसं काही झालंय का?

---

खडूफळा | ४:१२

सापडला. आणि टोणग्याचा आरसा आत्ता कळला, पाच मिनिटं एकटाच हसत होतो.

मी आठवीला इंग्रजी शिकवतो. शेवटचा तास असला की फळ्यावर लिहितो, 'पाचही स्वर असलेले शब्द शोधा'. पोरं मराठी माध्यमाची, पण या खेळात कुणाला हार जात नाहीत, कारण स्पेलिंग मोठ्याने घोकायची सवय. फेसेशस (एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस) आणि ॲबस्टीमियस (ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस), यांत पाचही स्वर एकेकदाच आणि क्रमानेसुद्धा. शेवटी एल-वाय लावलं की वायसुद्धा रांगेत येतो. उलट्या क्रमाचा हवा तर आपल्या घरचाच आहे, सबकॉन्टिनेन्टल. यू, ओ, आय, ई, ए. आटोपशीर हवा तर सेक्वोया, कॅलिफोर्नियातली ती आभाळाला टेकणारी झाडं, सातच अक्षरं: एस-ई-क्यू-यू-ओ-आय-ए. कॉलिफ्लॉवर तर एका पोरीने डब्यात बघून सांगितला होता.

या यादीतलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मी मुद्दाम लिहीत नाहीये. शहाण्यास इशारा पुरे.

उलट टोकाचं म्हणजे पाचांपैकी एकही नसलेला ऱ्हिदम, आर-एच-वाय-टी-एच-एम. तो घरचा अभ्यास.

---

रफार | ४:३५

खडूफळा, अवांतर होतंय पण राहवत नाही. स्वरांची सलग रांग हवी असेल तर क्यूइंग, रांगेत उभं राहणं. क्यू-यू-ई-यू-ई-आय-एन-जी. पाच स्वर एकामागे एक, रेशनच्या दुकानासारखे.

व्यंजनांची रांग हवी तर कॅचफ्रेज. टी-सी-एच-पी-एच-आर, सहा. यावर आपल्याकडे 'कार्त्स्न्य' आहे. र्, त्, स्, न्, य्, पाच व्यंजनं एकाच अक्षरात कोंबलेली. इंग्रजीची सहा दिसतात, पण सी-एच मिळून एक उच्चार, पी-एच मिळून एक. खरं मोजलं तर आपण जिंकतो.

वर्णक्रमाने आपोआप लागलेले शब्दही शोधा, मजा येते. ऑलमोस्ट. बायॉप्सी. इंग्रजी संख्यांत एकच, फॉर्टी. आणि माझा लाडका शब्द चिंट्झ, सी-एच-आय-एन-टी-झेड. हा मूळचा आपल्याकडचा 'छींट', मराठीत चीट. माझी आजी चिटाचं कापड म्हणायची ते हेच, बोटीतून विलायतेला गेलं आणि झेड लावून कोशात बसलं.

मराठीत काकांचं कोडं करायचं म्हटलं तर मात्र पहिल्याच पायरीला भांडण. 'कि' आणि 'की' एक अक्षर की दोन? मात्रा वेगळी पाटी धरायची का? जोडाक्षर फोडायचं का?

---

झटपट_झुणका | ४:४१

रेशनच्या दुकानाला +१

---

कंदीलवाली | ५:०५

बाबांचा निरोप, जसाच्या तसा:

'तिन्ही शब्दांचा गुणाकार १,८५,५०,९४,६९,५३० येतो. दोनदा तपासला. परंतु तिन्हींची अक्षरं तीच, तेव्हा गुणाकारही तोच. याने उत्तर बरोबर आहे का ते कळेल, उत्तर कुठे आहे ते कळणार नाही. मामांना सांग, युक्ती सुंदर आहे, पण मला उपयोगाची नाही.'

जेवले एकदाचे. कागद डाव्या हातात होता.

---

शेलारमामा | ५:११

सर, दंडवत. माझ्याकडे कामाला आलेल्या नव्या पोरांना हा फरक समजावताना माझा घसा बसतो. आणि गुणाकार मी यंत्रावर करून पाहिला, बरोबर आहे.

---

सातपाटी | ५:३०

लेस्टरकरांनी दुखणं नेमकं ओळखलंय. मगाशी घाईत माझ्या लक्षात आलं नाही.

काकांना सापडलेले दोन शब्द बघा. ऑक्शन्ड, कॉशन्ड. दोन्हींच्या शेवटी ई-डी. पहिला शब्द मिळाला तेव्हाच त्यांनी ई-डी शेवटी ठोकून बसवली आणि उरलेली सात अक्षरं फिरवत राहिले. दुसरा शब्द त्यातूनच निघाला, सी उचलून पुढे आणला एवढंच. आता ती सात अक्षरं हजारदा फिरवली तरी तिसरा येणार नाही.

बोर्डावर आमचंही असंच होतं. आय-एन-जी हातात आला की सगळं जग आय-एन-जीने संपतं असं वाटायला लागतं. त्यावर उपाय एकच: पाट्या सगळ्या विस्कटायच्या, पाणी पिऊन यायचं, आणि आधीचा सांधा मुद्दाम मोडायचा. काका, ती ई-डी शेवटून काढा.

---

टवाळ_टोणगा | ५:३३

एकदा ईडी मागे लागली की इतक्या सहजी सुटत नाही हो.

---

लेस्टरकर | ५:३६

टोणगोबा, =)) राजकारणाचा धागा शेजारी आहे.

---

आजीचा_बटवा | ६:०२

सापडला! नातीने सांगितला खरं म्हणजे. माझा अर्धा धरा.

---

कंदीलवाली | ६:४८

सापडला, सापडला, सापडला!

सातपाटींची पोस्ट वाचून दाखवली तशी बाबांनी कागद बाजूला ठेवला आणि आईच्या बरणीतली शेंगदाण्यांची मूठ काढली. नऊ शेंगदाण्यांवर बॉलपेनने अक्षरं लिहिली (आईचा चेहरा कल्पना करा) आणि ताटलीत घोळवली. ई आणि डी उचलून मागून पुढे आणले. ई-डी... मग यू. मग सी. आणि तिथे थांबले. पुढचे शेंगदाणे लावलेच नाहीत. मिनिटभर तसेच बसून राहिले, मग आईकडे बघून म्हणाले, 'अगं, चौतीस वर्षं ज्याच्या खात्यातून पगार घेतला तेच दिसेना मला.'

एज्युकेशन.

आई म्हणाली, 'मला सकाळीच दिसलं होतं. पण तुम्ही विचारलंत कुठे?' आईचं शिक्षण सातवी. पेन्शनच्या कागदांवरचा हा शब्द तिने इतक्यांदा पाहिलाय की अक्षरं कशीही पसरली तरी तिला तोच दिसतो.

आता बाबा आईशी बोलत नाहीयेत.

---

टवाळ_टोणगा | ६:५५

आरसा!! सांगत होतो.

---

खडूफळा | ७:०३

काकूंना साष्टांग. सोमवारी हेच नऊ शेंगदाणे वर्गात नेणार. (पोरं तिसऱ्या मिनिटाला खाऊन टाकतील, हे गृहीत धरून दुप्पट नेतो.)

---

रफार | ७:१०

सातपाटी, एक शंका. ही स्क्रॅबलमधली अक्षरांची वाटणी कुणी ठरवली? ई बारा आणि झेड एकच, असं का?

---

सातपाटी | ७:२२

आल्फ्रेड बट्स म्हणून न्यूयॉर्ककडचा वास्तुरचनाकार होता. जागतिक मंदीत काम गेलं, तेव्हा त्याने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानांवरची अक्षरं हाताने मोजली आणि त्या हिशोबाने पाट्या पाडल्या. एकूण १००, त्यात दोन कोऱ्या. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचनं करत सुटला असता. म्हणून एस हातात आला की उधळू नका, सोन्यासारखा जपा.

---

कंदीलवाली | ९:१५

सगळ्यांचे आभार. बाबा आणि आई बोलायला लागलेत, कारण बाबांनी तिला नवीन कोडं घालायचं ठरवलं आणि त्यासाठी बोलणं भाग होतं. आधी तुमच्यावर प्रयोग करा म्हणतायत. शेंगदाण्यांवर लिहून दिलंय:

ई, जी, एम, एन, ओ, ओ, ओ, एस.

आठ अक्षरं, शब्द एकच. शेलारमामांची दिव्यांची माळ इथे फसेल, ओ तीन आहेत, असं खास सांगायला लावलंय. सूचना एवढीच की रफार यांच्या चिटासारखाच हाही आपल्याकडून गेलेला आहे, आणि तोही थेट मराठीतून.

---

शेलारमामा | ९:२१

सर, मूळ संख्या लावल्या. नियमात बसतं का?

---

कंदीलवाली | ९:२३

बाबा म्हणतात, उत्तर तपासायला चालेल.

---

आजीचा_बटवा | ९:४०

सापडला! आणि हा पूर्ण माझा, नात झोपलीये.

---

रफार | ९:४४

आजी, जपून. 'सापडला' असं लिहिलंत तर अर्धं उत्तर फुटतं ना. आता साप म्हटलं की त्याच्या मागे कोण धावतं, ते शेंबडं पोरही सांगेल.